सहजीवनाच्या उत्क्रांतीचं मॉडेल करायचंय? समीकरणं घ्यावी की एजंट-बेस्ड सिम्युलेशन

प्रोजेक्टला सहउत्क्रांती (दोन प्रजाती एकमेकींच्या प्रभावाने बदलत जाणं) घेतलीये आणि संख्यांची समीकरणं मांडावी की एजंट-बेस्ड सिम्युलेशन, म्हणजे प्रत्येक जीव कॉम्प्युटरवर वेगवेगळा चालवून बघणं, हे ठरत नाहीये, तर आधी एक खरी केस समोर ठेवा. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना अन्न पुरवतं. पण नत्र बनवायला ऊर्जा खर्च होते, मग एखादा जिवाणू फुकट खाऊन नुसता वाढत का नाही? 2003 मध्ये जीवशास्त्रज्ञ टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी काही गाठींभोवती नत्राऐवजी आर्गॉन सोडला, म्हणजे जिवाणूंना काम करताच येईना, तर त्या गाठींतले जिवाणू कमी वाढले, झाडाने त्यांचा ऑक्सिजन आवळल्याची चिन्हं दिसली. झाड चक्क शिक्षा करतं!

हे समीकरणांत मस्त बसतं. कामसू, फुकटे, नत्राचा खर्च आणि झाडाची शिक्षा, बस. पायथॉनमध्ये सायपाय ही गणिताची लायब्ररी वापरून लॅपटॉपवर क्षणात उत्तर येतं आणि शिक्षा किती कडक झाली की पारडं फिरतं ते नेमकं कळतं. एक मात्र सांभाळा, लोटका-व्होल्टेराच्या, म्हणजे दोन प्रजातींच्या संख्या एकमेकींवर कशा अवलंबून असतात ते मांडणाऱ्या, समीकरणात स्पर्धेचं चिन्ह उलटं करून सहजीवन बनवलं आणि परस्पर फायदा जास्त धरला तर दोघांची संख्या अनंताकडे पळते, त्यामुळे फायद्याला कमाल मर्यादा घालावीच लागते.

पण एकाच गाठीत कामसू आणि फुकटा दोघं शिरले तर? असं होतं खरं. शिक्षा अख्ख्या गाठीला बसते, सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि फुकटा कामसूच्या आडून वाचू शकतो. इथे सरासरीचं गणित तोकडं पडतं. एजंट-बेस्डमध्ये प्रत्येक गाठ वेगळी, तिच्यात कोण शिरणार ते नशिबावर, शेजारी कोण आहे तेही मोजता येतं. त्यासाठी नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला सोपं, जीनोम आणि म्युटेशन तपशिलात हवं असेल तर स्लिम हे उत्क्रांतीचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर घ्या, चौथ्या आवृत्तीपासून त्यात एकाहून जास्त प्रजाती एकत्र चालतात. फक्त एका रनवरून काहीच सांगता येत नाही, रँडम सीड (नशिबाचे आकडे ज्यातून सुरू होतात तो आकडा) बदलत तेच परत परत चालवायचं, नेटलोगोमधलं बिहेवियरस्पेस हे साधन ते आपोआप करतं पण ढीगभर आकड्यांतून कारण शोधायचं काम तुमचंच.

एका सेमिस्टरचंच काम असेल तर माझं मत समीकरणांना. वर्ष हातात असेल तर आधी समीकरणं, मग सिम्युलेशनमध्ये भरपूर संख्या घेऊन एका गाठीत एकच जिवाणू असं चालवा, दोन्हीकडचे आकडे जवळपास जुळले नाहीत तर आधी कोड तपासा. जुळले की मगच गाठीत दोघांना शिरू द्या.