चहा आणि केक: कॅफेत बसून की बेकरीशेजारच्या गाडीवर?

मिसळ कुठं खायची आणि तांबडा-पांढरा कुठं, हे सांगायला कोल्हापुरात गल्लीतलं पोरगंही पुढं येतं. चहा-केकचं विचारलं की मात्र सगळे डोकं खाजवतात. माझ्या हिशेबानं पर्याय दोनच. एक तर राजारामपुरी, ताराबाई पार्ककडचे काचेचे कॅफे. नाहीतर बेकरीतून केक उचलायचा आणि शेजारच्या गाडीवर चहा सांगायचा. मी दोन्हीकडं नेमानं जातो, त्यामुळं कुणाशी वैर नाही.

गुळाच्या चहाची दुकानं तिसरी धरता येतील. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा त्या पाट्या इथं शोभतात. उकळत्या चहात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते, म्हणून जाणता चहावाला पातेलं उतरवल्यावरच गूळ घालतो. चहा झकास लागतो, पण त्या गुळापुढं केक पार फिका पडतो. तिथं खारी घ्यावी आणि गप बसावं.

आता कॅफे. बिनदुधाचा चहा पिणारे असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, सरळ कॅफेत जा. दार्जिलिंगच्या चहाला 2004 साली मानांकन मिळालं, भारतातलं ते पहिलंच. पण गाडीवर त्याची पत्ती मिळणार नाही, आणि मिळालीच तरी ती दुधात उकळणं म्हणजे पैसे वाया. कॅफेत तो चहा किटलीत येतो. फक्त पत्ती आतच ठेवून आणली असेल तर चारेक मिनिटांत गाळून घ्या, नाहीतर दुसरा कप कडू होतो. बसायला गाद्या, हात धुवायला बेसिन, जुलैच्या झडीत डोक्यावर छप्पर. घरातली मोठी माणसं, गुडघेदुखी, लहान मुलं असा लवाजमा असला तर मीही गुमान तिकडंच नेतो. दर मात्र बघून घ्या. तिथल्या एका पेस्ट्रीच्या पैशात गाडीवर चौघांचं भागतं, असा माझा अंदाज.

गाडीवरच्या चहाचं गणितच वेगळं. ती सीटीसी पावडर, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ते दुधात उकळण्यासाठीच असतात. रंग आणि कडकपणा झटक्यात सोडतात. त्यात दूध म्हशीचं, सहा-सात टक्के फॅटचं. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पितात, तिथं पाणचट चहा देऊन गाडी चालवणं अवघडच. आलं तिथंच ठेचतात, किसत नाहीत. माझ्या जिभेला तरी त्यानं फरक पडतो.

चहापुरतं बोलायचं तर मी दोन्हीला सारखेच मार्क दिले असते. माझं घोडं अडलं ते केकपाशी.

कॅफेतला केक फ्रीजमधला असतो. क्रीमच्या पेस्ट्रीला थंडीशिवाय इलाज नाही, ते मान्य. पण बिनक्रीमचा साधा बटर केक, बनाना केक, तोही त्याच काचेच्या गार पेटीत ठेवलेला असतो, कारण दिसायला छान दिसतो. गारव्यानं लोणी घट्ट होतं. शिवाय स्पंजमधला स्टार्च बाहेरच्यापेक्षा फ्रीजमध्ये लवकर कडक होतो, त्यामुळं सकाळी मऊ असलेला केक संध्याकाळी भुसभुशीत लागतो. असा गार घास खाल्ला की टाळूला मेणासारखा थर बसतो आणि वर चहाचा घोट घेतला तर नुसती उष्णता कळते, चव नाही. चहासोबत केक खायचा तो ज्या कारणासाठी, तेच कारण संपलं.

एका ठिकाणी मी विचारलं, "बाहेर ठेवलेला नाही का एखादा?" पोरगं बिचारं सालस. म्हणालं, "सर, गरम करून देतो की." मायक्रोवेव्हमधून आला तेव्हा कडेला चटका आणि मधे बर्फ, वरचं आयसिंग बशीत उतरलेलं. तोवर चहावर साय धरली होती. माझे दात जरा शिवशिवतात, त्यामुळं मला हे जास्त खुपत असेल, हे कबूल. पण तेव्हापासून कॅफेत मी चहाच घेतो, केक नाही.

बेकरीत मावा केक ट्रेमध्ये उघडाच पडलेला असतो, खोलीइतकाच कोमट. कागदी वाटीतला, वरून गडद तपकिरी, बोटाला किंचित चिकट. कागद सोलला की चुण्यांना एक पातळ थर चिकटून राहतो. तो आधी दातानं खरवडायचा, वेलदोडा तिथंच सगळ्यात जास्त लागतो. मग केकचा कोपरा चहात टेकवायचा, बुडवायचा नाही. माव्याच्या तुपकटपणामुळं तो स्पंजसारखा लगेच विरघळत नाही, आणि कडक चहा तो तुपकटपणा नेमका कापतो. ही जोडी कॅफेवाल्यांना जमूच नये असं काही नाही, पण मला अजून कुठं भेटलेली नाही.

गाडीच्या तक्रारी आहेतच. उभं राहायचं, शेजारी कुणीतरी गाडी रेस करणार, ग्लास विसळण्याचं पाणी बघू नये. उशिरा गेलात तर मावा केक संपलेला असतो आणि उरतात ते लाल चेरीवाले पिवळे तुकडे, ते राहू द्या. बेकरीत नुकता ट्रे उतरलेला असला तर आधी तिथं थांबा, चहा काय कधीही मिळतो.

आणि पाहुण्यांच्या आग्रहानं कॅफेतच जायचं झालं, तर काउंटरवर बरणीत किंवा झाकणाखाली बाहेर काही ठेवलंय का बघा. नसेल तर केक आधी मागवून टेबलावर तसाच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या आणि चहा त्यानंतर सांगा. वेटर दोनदा येऊन विचारेल, "अजून काही?" विचारू दे.