शहापुरातल्या दगडी घराचं चुनाकाम: मिस्त्रींबद्दल

बेळगावात शहापूरला आमचं घर एकाला एक लागून असलेल्या ओळीत आहे. दोन्हीकडच्या भिंती सामाईक. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर जांभा, माथ्यावर मंगळुरी कौलं. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासून इथं विणकरांची वस्ती. आमच्या सोप्यात मागाचा खड्डा अजून आहे, तो मी बुजवू दिलेला नाही.

दोन फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दोन पदर. मध्ये चिपा आणि माती, आणि पदर धरून ठेवायला अधूनमधून आरपार घातलेले लांब दगड. यावर सासऱ्यांच्या काळात कुणी तरी सिमेंटचा गिलावा चढवला. जोत्यातून चढलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. ती गिलाव्याच्या वर, छातीइतक्या उंचीवर लोणा (क्षारांचा पांढरा थर) होऊन फुटायची. याआधी आलेल्या कंत्राटदारांनी वरून वॉटरप्रूफ रंग मारायला सांगितलं.

हे मिस्त्री गोकाककडचे. आले ते आधी शेजारी गेले. "काकू, भिंत दोघांची हाय. एका बाजूनं बघून काय कळतंय?" पलीकडे नेमकी तिथंच न्हाणी, आणि पाइप फुटलेला. तो बदलून घेतल्यावरच त्यांनी छिन्नी उचलली. जांभा मऊ, मशीननं कोपरे उडतात, म्हणून सगळं सिमेंट हातानं काढलं. दगडांमधल्या दर्जा (सांधे) बोटभर उकरून, पाणी मारून, मुरवलेल्या चुन्यात वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) कालवून भरल्या आणि ओल्या पोत्यांनी झाकल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. उन्हात भराभर वाळला तर भुगा होतो.

खर्च सिमेंटपेक्षा बराच जास्त आला. अंदाजपत्रक लिहून देत नाहीत, ते मला खटकलं. देवळीपाशी सुरखी जास्त पडून दर्ज गुलाबी दिसत होती. सांगितल्यावर कुरकुर न करता उकरून पुन्हा भरली.

आषाढाच्या झडीत भिंत ओली झाली, पण उघडीप मिळताच सुकली. लोणा थोडा अजून निघतो, तो मी कोरड्या ब्रशनं झाडते. एक-दोन पावसाळे तसं होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. असा भिंतीची नस ओळखणारा गवंडी आता मिळणं कठीण.

पावसाळ्यात ते काम घेत नाहीत. दिवाळीनंतर बोलवा, शेजाऱ्यांना आधी तयार करा, आणि एका कोपऱ्यात नमुन्याची दर्ज भरून वाळल्यावरच पुढचं काम सांगा.