व्हीआर लेथ: खऱ्या मशीनला हात लावण्याआधीची पंधरा मिनिटं

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपसाठी हेडसेटवरचा व्हीआर लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या मशीनची आभासी नक्कल) घ्यायचा असेल, तर खऱ्या लेथच्या आधीची तयारी म्हणूनच घ्या. लेथऐवजी घेतलात तर पैसे वाया.

सगळ्यात मोलाचा आहे चकच्या, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पकडणाऱ्या भागाच्या, चावीचा धडा. जॉब आवळला, चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू केलं, की चावी उडून अंगावर येते. शेडमध्ये ही चूक एकदाही परवडत नाही. व्हीआरमध्ये ती पोरांना मुद्दाम करू द्या. टूलचं टोक सेंटर हाइटच्या (जॉबच्या मध्याच्या उंचीच्या) खाली बसवलं तर फेसिंगनंतर, म्हणजे तोंड सपाट कापल्यावर, जॉबच्या मधोमध बारीक टेंगूळ उरतं, तेही छान दिसतं. आरपीएमचं (मिनिटाला किती फेरे) गणित मात्र आधी फळ्यावर करून घ्या: 25 मिमीचा माइल्ड स्टील बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, कटिंग स्पीड मिनिटाला 30 मीटर, म्हणजे 1000 × 30 ÷ (3.14 × 25), साधारण 380.

कमी पडतो तो हातात. खऱ्या क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाच्या) स्क्रू-नटमध्ये बॅकलॅश, म्हणजे थोडी ढील, असतो. हँडल उलटं फिरवलं की डायल सरकते, टूल सुरुवातीला जागचं हलत नाही. म्हणून कट जास्त गेला तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे यावं लागतं. इथे टूल लगेच हलतं. ही सवय घेऊन शेडमध्ये गेलेल्या पोराचं माप हमखास चुकणार. चॅटर (कापताना टूल आणि जॉबची थरथर) सुरू झाला की हाताला जे कळतं, तेही कंट्रोलरच्या थरथरीतून कळत नाही.

वीसच्या बॅचला पाच हेडसेट, प्रत्येकी पंधरा मिनिटं. तासाभरात चार फेऱ्या होतात. त्याहून जास्त वेळ लावला तर काहींना मळमळतं. माणशी 2 × 2 मीटर मोकळी जागा हवी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली नकोच: घामाने फोम भिजतो, लेन्सवर वाफ धरते. हेडसेट खिडकीत तर अजिबात ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते. आणखी एक खंत म्हणजे सूचना फक्त इंग्रजीत आहेत. चक, टेलस्टॉक हे शब्द सगळ्यांनाच कळतात, पण मराठी माध्यमातून आलेला मुलगा लांबलचक वाक्यांशी अडतो. तिथे सरांनी शेजारी उभं राहून सांगायला हवं.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी समोर करून घ्या. राउटर बंद ठेवून ॲप उघडतं का? लायसन्स दर वेळी इंटरनेटवरून तपासलं जात असेल, तर लाइट गेली की प्रॅक्टिकलही गेलं. आणि क्रॉस स्लाइडला बॅकलॅश देता येतो का?