पाळकीय प्रशिक्षणासाठी निवासी महाविद्यालय: काही महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

चर्च ऑफ इंग्लंडच्या ज्या निवासी महाविद्यालयात मी पाळकीय सेवेचे, म्हणजे धर्मगुरू होण्याचे, प्रशिक्षण घेत आहे, तेथील चॅपलचा (प्रार्थनागृहाचा) बॉयलर जानेवारीत बंद पडला. दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना बंद राहील आणि प्रत्येकाने आपापल्या खोलीत मोबाइलवरील ॲपच्या आधारे ती करावी, अशी सूचना कार्यालयाने काढली. हा अभिप्राय त्या सूचनेमुळे लिहिला जात आहे. प्रशिक्षण अजून चालू असल्यामुळे महाविद्यालयाचे नाव देत नाही.

निवडप्रक्रिया, आधी डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) आणि साधारण वर्षभराने प्रीस्ट (पूर्ण पाळक) म्हणून होणारी दीक्षा, हे सर्व अर्ज करू पाहणाऱ्यांना ठाऊकच असते. वर्गांबद्दलही थोडक्यात सांगतो. २०१४ पासून येथील बहुतेक प्रशिक्षण संस्थांच्या पदव्या डरहॅम विद्यापीठाच्या सामायिक योजनेतून मिळतात. त्यामुळे ग्रीक भाषा, चर्चचा इतिहास किंवा प्रवचनाचे शिक्षण घरी राहून, नोकरी सांभाळूनही चांगले मिळू शकते. लंडनमधील साउथवर्क येथे १९६० मध्ये असा पहिला सायंकालीन अभ्यासक्रम सुरू झाला आणि आज अनेक उमेदवार त्याच मार्गाने पाळक होतात. सॉल्झबरी-वेल्सचे निवासी महाविद्यालय १९९४ मध्ये आणि लिंकनचे १९९५ मध्ये बंद झाले. अशा स्थितीत निवासी शिक्षणावरचा खर्च कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. कारण तो पैसा अखेर रविवारी लोकांनी दानपात्रात टाकलेल्या रकमेतूनच येतो.

माझ्या मते त्याचे उत्तर चॅपलमध्ये रोज म्हटल्या जाणाऱ्या बायबलमधील स्तोत्रांत आहे. आमच्याकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाची मासिक वाटणी पाळली जाते, म्हणजे दीडशे स्तोत्रे तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळीत वाटलेली असतात. समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्या दोन बाजू एकेक वचन आळीपाळीने म्हणतात आणि प्रत्येक वचनाच्या मध्यावर सगळे थांबतात. हा विराम एका श्वासाएवढाच असतो, परंतु तो कोणी मोजत नाही आणि कोणी खूणही करत नाही. नगरकडच्या आमच्या मंडळीत तबला-पेटीच्या साथीने उपासना करत वाढलेल्या मला सुरुवातीचे काही आठवडे हे सारे निर्जीव वाटत होते. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळी ७८ वे स्तोत्र येते. त्यातील सत्तरांहून अधिक वचने अशा रीतीने संपेपर्यंत जेवणाची वेळ कधी होते, याकडेच लक्ष राही, आणि निवासी शिक्षणाचा खर्च पटत नसल्याचे मी घरी कळवलेही होते.

हे मत रुग्णालयातील प्रात्यक्षिकाच्या काळात बदलले. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एका वडिलांना मुलाबद्दल बोलायचे होते. ते अर्ध्या वाक्यावर थांबत आणि बराच वेळ पुढचा शब्द येत नसे. माझ्याबरोबरचा दुसरा प्रशिक्षणार्थी, जो अंशकालीन अभ्यासक्रमातून आला होता आणि अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होता, ती पोकळी भरून काढण्यासाठी धीराचे शब्द बोलू लागला, आणि वडील गप्प झाले. मला मात्र त्या वेळी बोलण्याची घाई झाली नाही. पुढे त्यांनी प्रार्थना करण्यास सांगितले, तेव्हा मी ८८ वे स्तोत्र वाचले, जे अंधारातच संपते आणि कोणतेही सांत्वन जोडत नाही. चॅपलमध्ये ते दर महिन्याला म्हटले गेले नसते, तर ते उघडण्याचा धीर मला झाला नसता. वर्गात ‘घाईने सांत्वन करू नका’ असे शिकवतात, परंतु थांबण्याची सवय वर्गात लागत नाही.

म्हणूनच त्या सूचनेवर मी गप्प बसलो नाही. ॲप वाईट नाही, प्रवासात मीही ते वापरतो. पण एकट्याने वाचताना विराम आपल्या सोयीने लहान होत जातो आणि न आवडणारे स्तोत्र बोटाने वर सरकवता येते. पाळकाने रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणावी, असे चर्चचा कायदाच सांगतो, आणि ती सवय लावण्याची जागा हीच आहे. ऑक्सफर्डचे बिशप विल्बरफोर्स यांनी १८५४ मध्ये कडेसडन येथे आपल्या निवासस्थानासमोर महाविद्यालय काढले, ते उमेदवारांनी एकत्र राहून प्रार्थना करावी म्हणूनच. पत्रव्यवहार बराच झाला. शेवटी ग्रंथालयाशेजारची खोली मिळाली आणि तेथे लोकरी टोप्या घालून आम्ही मोजकेच जण रोज जमू लागलो. बॉयलर दुरुस्त झाल्यावर प्रार्थना पुन्हा चॅपलमध्ये सुरू झाली, याबद्दल कार्यालयाचे आभार मानतो.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूर येथे अस्तित्वात आले, तेव्हा त्यात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, परंपराही सामील झाली. त्यामुळे आपल्याकडील कोणी येथे येऊ इच्छित असेल, तर भेटीच्या दिवशी ग्रंथालय आणि खोल्या पाहण्यात वेळ न घालवता संध्याकाळपर्यंत थांबावे आणि चॅपलमध्ये किती जण येतात ते पाहावे. प्राध्यापक येत नसतील, तर अंशकालीन अभ्यासक्रम निवडावा आणि मंडळीचा पैसा वाचवावा. प्रात्यक्षिकासाठी बाहेर असलेल्या आठवड्यांचे जेवणाचे पैसे परत मिळतात का, हेही लेखी विचारून घ्यावे. माझा तो अर्ज लेखा विभागात अद्याप पडून आहे आणि पुढच्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मी तो पुन्हा देणार आहे.