पॉलिवॉच: प्लास्टिकच्या काचेपुरते चोख

पॉलिवॉच हे जर्मन बनावटीचे पॉलिश ५ ग्रॅमच्या इवल्याशा ट्यूबमध्ये येते आणि घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचेवरील चरे घालवणे एवढाच त्याचा दावा आहे. वजनाच्या हिशेबाने ते महाग आहे यात वाद नाही; मात्र एका काचेला मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यामुळे घरातली सगळी जुनी घड्याळे उजळून झाली तरी ट्यूब बरीच शिल्लक राहते. मी ते ऑनलाइन मागवले आणि एचएमटी जनता व कॅसिओ एफ-९१डब्ल्यू ही दोन घड्याळे, वीज मोजण्याचा मल्टिमीटर आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र अशा चार वस्तूंवर वापरून पाहिले. निकाल सगळीकडे सारखा लागला नाही, आणि त्या फरकाचे कारण पॉलिशपेक्षा त्या त्या काचेत अधिक आहे.

म्हणून पेस्ट लावण्याआधी काच कशाची आहे, हे ओळखणे अगत्याचे ठरते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली; त्यांच्या चावीच्या जुन्या घड्याळांवर बहुधा ॲक्रिलिक या प्लास्टिकची, किंचित घुमटाकार काच आढळते. नखाने टिचकी मारली असता तिचा आवाज बोदा येतो आणि ओठाला टेकवल्यावर ती खऱ्या काचेइतकी गार लागत नाही. एफ-९१डब्ल्यूची काचही प्लास्टिकचीच असून तिच्यावरची अक्षरे आतल्या बाजूने छापलेली असल्याने ती पुसली जाण्याची धास्ती नाही. खनिज काच, म्हणजे खरी काच, किंवा सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमाची काच असेल, तर मात्र ही ट्यूब उघडण्याचेही कारण नाही. कठीणपणा मोजणाऱ्या मोहसच्या १ ते १० या मापनपट्टीवर साध्या काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास आणि सफायरचा ९ आहे. मऊ प्लास्टिकसाठी बेतलेली पेस्ट तिथे कितीही घासली तरी हातच दुखतात.

वापरण्याची रीत सोपी असली तरी घाईची नाही. काचेभोवतीच्या कडीवर आणि केसवर मास्किंग टेप नीट चिकटवून घ्यावी, कारण पॉलिशमधील कण सोनेरी मुलामाही तितक्याच इमानाने खरवडतात. कापसाच्या बोळ्यावर पेस्ट घेऊन ती चऱ्याला आडवी, बऱ्यापैकी जोर देऊन दोन-तीन मिनिटे घासावी. पहिल्या मिनिटात काहीच घडत नाही असे वाटते. मग पेस्ट सुकत येते, बोळा काचेवर किंचित अडखळू लागतो आणि मऊ कापडाने पुसल्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पूर्वी जिथे विस्कटत होते, तिथे ते सलग दिसते. चरा बुजत नाही, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. त्याच्या धारदार कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो डोळ्यांना दिसतो. पॉलिशने भोवतालचा पृष्ठभाग अगदी थोडा खाली येतो आणि कडा बोथट होतात, एवढेच. ओलसर फडक्याने पेस्टचा तेलकट अंश काढून टाकल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये, कारण चऱ्यात साचलेली पेस्टही काही काळ तो लपवते. जनतासारख्या घड्याळात पाणी शिरू शकते, त्यामुळे ते नळाखाली धरण्याचा मोह टाळावा.

नख अडकेल इतका खोल चरा या ट्यूबला एकटीने झेपत नाही. जनताच्या काचेवर चारच्या आकड्यालगत असा एक चरा होता. त्यासाठी बोहरी आळीतून १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) आणला, तो ओला करून आधी जाड व मग बारीक अशा क्रमाने हलक्या हाताने फिरवला. यात काच सबंध दुधी होते आणि खालची डायल दिसेनाशी होते. त्या क्षणी आपण घड्याळ कायमचे घालवले, अशी खात्रीच पटते. पॉलिवॉचचे खरे मोल त्यानंतर कळते: तीन-चार वेळा पेस्ट लावल्यावर काच पुन्हा नितळ होते आणि चऱ्याची जागा तिरप्या प्रकाशात शोधावी लागते.

घरगुती पर्यायांपैकी पांढरी टूथपेस्ट अगदीच टाकाऊ नाही. पुष्कळशा टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका असते आणि बारीक, केसासारखे ओरखडे त्याने मंदावतात; मात्र शेवटची झळाळी येत नाही व उन्हात धरल्यास गोल गोल वळसे दिसतात. समईसाठी घरोघरी असणारा ब्रासो झपाट्याने काम करतो, परंतु त्यातील अमोनिया आणि खनिज तेलाचा द्रावक ॲक्रिलिकला मानवेलच असे नाही. द्रावकांमुळे या प्लास्टिकवर केसासारखे तडे जातात आणि त्यांवर कुठलेही पॉलिश चालत नाही. सॅनिटायझरने काच पुसणेही त्याच कारणासाठी टाळावे. हातातल्या छोट्या मोटरला फेल्टची, म्हणजे दाट लोकरी कापडाची, चकती लावून वेळ वाचवण्याची युक्तीही मला पसंत नाही, कारण ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते आणि वेगाने फिरणारे फेल्ट एका जागी रेंगाळले की तिथे खळगा पडू शकतो.

छोट्या पडद्यांबाबत जपून राहावे. मल्टिमीटरची खिडकी झकास निघाली. रक्तदाबयंत्राचे प्लास्टिक पातळ असल्याने दाबाखाली ते वाकते आणि खालच्या एलसीडीवर काळे डाग उमटतात. तिथे जोर आवरता घेतल्याने चरे केवळ फिके झाले. ई-रीडरसारख्या मंद, चमक नसलेल्या पडद्याला पॉलिश लावले, तर तेवढाच भाग चकचकीत होऊन विद्रूप दिसतो. चष्म्याच्या प्लास्टिक भिंगांवरील लेप ठिकठिकाणी उडतो. मोबाइलचा पडदा तर काचेचाच असतो. त्यावरचे चरे जात नाहीत, उलट बोटांचे ठसे धरू न देणारा नाजूक थर तेवढा झिजतो.

पेठेतल्या एका घड्याळजींना मी उजळलेली काच दाखवली, तेव्हा त्यांनी भिंगातून ती निरखली आणि "एवढा खटाटोप कशाला, नवी बसवून दिली असती की," एवढेच म्हणाले. एकच घड्याळ असेल आणि त्याच्या मापाची काच सहज मिळत असेल, तर त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. जुनी मूळ काच राखायची असेल किंवा घरात अशी चार-पाच घड्याळे असतील, तर ट्यूब जरूर घ्यावी. काचेला तडा गेला असेल किंवा ती कडेने सैल झाली असेल, तर मात्र पॉलिशच्या वाटेला न जाता थेट घड्याळजींकडे जावे.