एनएसएस : दोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (5 पैकी 4 स्टार)

सांगलीत बीएस्सीला होते तेव्हा दोन वर्षं एनएसएस केलं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. आता ज्युनिअर पोरं सारखी विचारतात घेऊ का नको, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी घेतलं ते मैत्रिणीने नाव दिलं म्हणून आणि सर्टिफिकेट मिळतं म्हणून, सेवाबिवा काय डोक्यात नव्हती.

हिशोब असा की वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240, शिवाय 7 दिवसांचं निवासी शिबिर. हे झालं कागदावर. आमच्याकडे तास म्हणजे रॅली काढा, पाहुणे येणार खुर्च्या लावा, आणि मार्च आला की सगळ्यांनी एकाच पोरीच्या डायरीवरून तास उतरवून काढा. एक स्टार इथंच कापला. सीनियर सांगायचे 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ओसरल्यावर घराघरातला चिखल काढला तेव्हा डायरी कुणाला आठवलीच नाही.

शिबिर मात्र फुल्ल पैसावसूल. जत तालुक्यातलं गाव, डिसेंबर महिना, आम्ही 50 जण झेडपीच्या शाळेत. मला भोजन समितीची प्रमुख केलं कारण दुसरं कोणी हात वर करेना. पहिल्या रात्री मी 10 किलो तांदूळ घातला आणि आमटी भाकरी वेगळीच, समोरच्या मावशी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अगं, लगीन हाय व्हय कुणाचं?" मग काय, सकाळी फोडणीचा भात, दुपारी परत फोडणीचा भात, पोरं माझ्याशी बोलेनात. त्यात मुलं म्हणाली आम्ही श्रमदानाला आलोय भांडी घासायला नाही. भांडत बसले नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींना घेऊन ओढ्यावर गेले आणि चूल मुलांच्या ताब्यात दिली. संध्याकाळी धुराने डोळे लाल झालेले सगळे गुमान पाळ्या लावायला तयार.

ओढ्यावर वनराई बंधारा होता, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून. आम्ही हौसेनं पोती गच्च भरली तर ती बसेचनात, गोल गोल राहिली, फटीतून पाणी चालूच. गावातल्या आजोबांनी दाखवलं, पोतं थोडं रिकामं ठेवायचं, तोंड शिवायचं आणि विटांसारखं सांधा मोडून रचायचं, मग मधे चिकणमाती. तेवढा एक दिवस फुकट गेला.

आमच्या कॉलेजात सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, मार्कांवर ठरायचा. 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून विद्यार्थ्यांची थेट निवडणूक गेली, 2016 च्या कायद्यात परत आली म्हणे, पण आमच्या बॅचला काय मतपेटी दिसली नाही. त्यामुळं 60 टक्केवालीच्या हातात 50 माणसांचं काहीतरी सोपवणारी जागा मला तरी हीच एक सापडली. परवा इंटरव्ह्यूत मॅडमनी मार्क सोडून त्या भांड्यांच्या भांडणावरच 10 मिनिटं विचारलं!

नाव ॲडमिशनच्या वेळीच द्या, युनिट 100 जणांचं असतं, नंतर गयावया करावी लागते. शिबिराला जाड चादर न्या, प्रभातफेरी अंधारातच निघते. आणि भोजन समिती गळ्यात पडली तर तांदूळ 5 किलो, वर मूठभर पण नाही.