कॅनचा 'टागो मागो', माग ऐकत वाढलेल्या कानांनी

मी बेळगावातल्या वडगावचा. आमच्या इकडे शहापूर, खासबागसकट गल्लोगल्ली साडीचे यंत्रमाग. आमच्या घरात चार. अप्पा दुपारी मागाशेजारीच आडवे व्हायचे, आणि चारातला एक जरी वेगळा वाजला तरी डोळे न उघडता म्हणायचे, "तिसऱ्याचा धागा तुटला, बघ जा." तुटलेला असायचाच. हे आधी सांगतोय कारण 'टागो मागो' या अल्बमबद्दल बहुतेकांची एकच तक्रार असते: तेच तेच वाजतंय. तेच तेच कसं ऐकायचं, ते मी मागावर शिकलो.

कॅन हा जर्मनीतल्या कोलोनचा बँड, अल्बम 1971 चा. कोलोनजवळ नॉर्व्हेनिशच्या जुन्या गढीत हे लोक राहून वाजवत होते. बेसवर होल्गर चुकाय, कीबोर्डवर इर्मिन श्मिट, दोघेही जर्मन संगीतकार स्टॉकहाउझनचे विद्यार्थी. गिटारवर मिखाएल कारोली. गायक दामो सुझुकी म्युनिकच्या रस्त्यावर गात होता, तिथून उचलून त्याच रात्री त्याला स्टेजवर उभा केलेला. आणि ड्रम्सवर याकी लिबेत्साइट. माझ्यासाठी हा अल्बम त्याचा आहे.

लिबेत्साइट आधी फ्री जॅझ वाजवायचा, म्हणजे ताल मोडत जाणारं संगीत. मग कुणीतरी श्रोता त्याला म्हणाला, एकसुरी वाजव. तो स्वतः ही गोष्ट सांगायचा. 'हॅलेलुवा' ऐका म्हणजे त्याने ते किती मनावर घेतलं ते कळेल. साडेअठरा मिनिटं, रेकॉर्डची आख्खी दुसरी बाजू, एकच ठेका. पण तो यंत्राचा नाही, माणसाचा आहे. भजनातला चांगला पखवाजवाला जसा अभंग संपेपर्यंत ठेका सोडत नाही आणि तरी प्रत्येक आवर्तनात थाप थोडी निराळी पडते, तसं. गिटार येते, जाते, व्हायोलिनसारखं काहीतरी चिरकतं, दामो पुटपुटतो, ओरडतो. खालचा ठेका चालूच.

गेल्या आषाढात मंगाईच्या यात्रेला माग बंद होते. गल्ली शांत, लांबून हलगी ऐकू येत होती. मी ही बाजू लावली. अप्पांना आता कमी ऐकू येतं, चाळीस वर्षं मागाजवळ काढल्यावर दुसरं काय होणार. ते उठून आले आणि स्पीकरच्या खोक्यावर पंजा ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "ह्याचा धोटा पडत नाही बघ." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो. लिबेत्साइटबद्दल मी जेवढं वाचलंय, त्यात इतकं नेमकं काही नव्हतं.

पहिली बाजूही उत्तम. 'पेपरहाउस' हळूच सुरू होऊन अंगावर येतं. 'मश्रूम' जेमतेम चार मिनिटांचं, त्यात ड्रम्स इतके कोरडे वाजतात की फळीवर काठी आपटल्यागत वाटतं. ते संपताना एक स्फोट होतो आणि 'ओ या' सुरू होतं. त्यात दामोचा आवाज काही वेळ उलटा फिरवलेला आहे. नवख्याला तो जपानीच वाटेल, आणि पुढे तो खरंच जपानीत गातो.

हे सगळं सलग वाजवलेलं नाही, हेही कानात ठेवा. तासन् तास वाजवायचं, दोन ट्रॅकच्या टेपवर घ्यायचं, आणि मग चुकायने ती टेप कापून जोडायची. नवा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, चढवताना आई जुन्या ताण्याला नवा ताणा जोडायची, एकेक धागा बोटात पिळून. सांधा साडीत दिसला तर काम वाया. चुकायचे सांधे शोधायला मी हेडफोन लावून बसलो. 'हॅलेलुवा'त एक-दोन सापडले असं वाटलं, तेही खात्रीने नाही.

तिसऱ्या बाजूवर मात्र माझं मन बसत नाही. 'आउम्ग्न' सतरा मिनिटांचं. श्मिटचा घुमणारा ओंकार, प्रतिध्वनी, किंकाळ्या. प्रयोग म्हणून मान्य, पण याकीला इतका वेळ बाजूला बसवलेलं मला सहन होत नाही. शेवटी तो तुटून पडतो, तेवढ्यासाठी मी थांबतो. चौथ्या बाजूवरचं 'पेकिंग ओ' त्याहून विस्कटलेलं. शेवटचं 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी' ऐकून मात्र वाटतं की माणसं दमून घरी आलीत.

डबल रेकॉर्ड महाग आहे, आमच्या मागांच्या एका महिन्याच्या वीजबिलाएवढी पडली. त्यात माझी दुसरी तबकडी कुरिअरमध्ये कड मार खाऊन आली आणि विकणाऱ्याने बदलून द्यायला दीड महिना लावला. घेणार असाल तर पाकीट उघडतानाच दोन्ही तबकड्या उजेडात धरून बघा. आणि सुरुवात दुसऱ्या बाजूने करा, आवाज मोठा ठेवून, मधे उठू नका.